महापौर बरखास्त होत नाही, महापालिका होते

सांगलीहून आलेला प्रश्न असा: गैरव्यवहाराच्या आरोपांनी घेरलेल्या महापौराला खुर्चीवरून काढायची मागणी झाली की बातम्यांत बरखास्ती, बडतर्फी, हकालपट्टी, पदच्युती, उचलबांगडी, पायउतार हे सगळे शब्द एकाच अर्थाने येतात. यातला नेमका कोणता? आणि लेखी निवेदन द्यायचं तर त्यात काय लिहावं?

आधी ‘बरखास्त’चा निकाल लावतो, कारण टीव्हीच्या खालच्या पट्टीवर रोज तो चुकीचा दिसतो. फारसीत ‘खास्तन’ म्हणजे उठणं आणि ‘बरखास्तन’ म्हणजे उठून उभं राहणं. दरबार उठला की तो बरखास्त झाला. म्हणून मराठीत बैठक, सभा, संचालक मंडळ, विधानसभा बरखास्त होते. जिथे अनेकजण एकत्र बसले आहेत त्या बसण्याचा तो शेवट आहे. एकटा माणूस बरखास्त होत नाही. हिंदीत मात्र ‘बर्खास्त’ माणसालाही लावतात, आणि हिंदी बातमी घाईने मराठीत उतरवताना तो शब्द जसाच्या तसा येतो. हा फरक केवळ कानाला खटकण्यापुरता नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५२ खाली शासन अख्खी महापालिका बरखास्त करू शकतं. तसं झालं तर सांगली, मिरज आणि कुपवाडचे सगळे ७८ नगरसेवक घरी जातात, प्रशासक येतो आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. एका महापौरावर राग असलेल्या माणसाने ‘बरखास्त करा’ असं लिहून दिलं, तर त्याने आपल्या प्रभागातल्या चांगल्या नगरसेवकालाही घरी पाठवायची मागणी केलेली असते.

एका माणसासाठी शब्द आहे ‘बडतर्फ’. त्यातलं ‘बड’ म्हणजे मोठं, असं सांगणारे भेटतात. ते साफ चूक आहे. मूळ फारसी ‘बर-तरफ’. ‘तरफ’ म्हणजे बाजू, ‘बर-तरफ’ म्हणजे बाजूला. बाजूला केलेला तो बडतर्फ. हाच ‘बर’ बरखास्तमध्ये आहे, बरहुकूममध्ये आहे, आणि बडदास्तमध्येही आहे! पाहुण्यांची बडदास्त ठेवतो ती फारसी ‘बरदाश्त’, म्हणजे उचलून धरणं, भार सोसणं. हिंदीने त्यातलं सोसणं घेतलं आणि ‘बर्दाश्त’ केलं. मराठीने उचलून धरणं घेतलं आणि जावयाची बडदास्त ठेवली. एकाच शब्दाचे दोन भाषांनी केलेले दोन संसार आहेत हे.

आता या चौघांत र कुठे टिकला आणि कुठे ड झाला ते पाहा. बरखास्त, बरहुकूम: र टिकला. बडतर्फ, बडदास्त: ड झाला. पहिल्या जोडीत र च्या पुढे ख आणि ह आहेत, दुसरीत त आणि द. माझं मत ठाम आहे की पुढच्या दंत्य व्यंजनाला टेकताना मराठी जिभेने र चा ड केला. बडतर्फमध्ये तर पुढे आणखी एक र येतो, त्यामुळे दोन र जवळजवळ नकोत ही ओढही होती. बडा, बडेजाव यांच्याशी नातं जोडून ड आला असं काहीजण म्हणतात. बाजूला सारलेल्या माणसाला बडेजावाची आठवण कुणी का जोडेल, याचं उत्तर ते देत नाहीत. ‘हुक्काबरदार’मध्ये द असूनही र टिकला, हा आक्षेप येतोच. तिथे ‘बर’ शब्दाच्या मध्यात आहे, आरंभी नाही; आरंभीच्या ‘बर’वर आवाजाचा जो भार पडतो तो तिथे पडत नाही.

‘तरफ’ तर साताऱ्याच्या सातबाऱ्यावरच बसलेला आहे. शहराजवळच्या सोनगावचं महसुली नाव ‘सोनगाव तर्फ सातारा’. एका नावाची अनेक गावं असतात, म्हणून कोणत्या बाजूचं गाव ते सांगायला तर्फ. जुन्या महसुली व्यवस्थेत परगण्याखालच्या गावांच्या गटाला तर्फ म्हणत. तरफदारी, तर्फे, दुतर्फा ही सगळी त्याचीच मुलं.

पण महापौराला बडतर्फ म्हणावं का? बातमीत चालेल. निवेदनात लिहू नका. आज बडतर्फी ही पगारी नोकराची असते, चौकशी अधिकारी नेमून, सेवा नियमांप्रमाणे. लोकांनी निवडून दिलेला माणूस कुणाचा नोकर नसतो, आणि त्याला काढताना नोकरापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच सांगितलं. म्हणणं मांडायची पुरेशी संधी न देता, कारणं नीट न नोंदवता काढलेला शासनाचा आदेश तिथे टिकला नाही. अशी बहुतेक प्रकरणं इथेच घसरतात. आरोप खरे असतात, कागद कच्चे असतात.

आता महापालिकेची सांगली आणि नगरपरिषदेचा सातारा यांतला फरक, कारण शब्द त्यावर अवलंबून आहे. साताऱ्यात नगरपरिषद, म्हणून नगराध्यक्ष. तिथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो. कर्तव्यात गैरवर्तन, हयगय, असमर्थता किंवा लांछनास्पद वर्तन असेल तर कलम ५५-अ खाली शासन नगराध्यक्षाला पदावरून दूर करू शकतं. सांगलीत महापौर, आणि महापौराला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. त्यात महापौरावर अविश्वास ठराव आणायची सोयच नाही! महासभेत कितीही हात वर झाले तरी अडीच वर्षांची मुदत संपेपर्यंत खुर्ची हलत नाही. याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्तांना मात्र एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांनी परत पाठवता येतं. सांगलीत ७८ चे पाच अष्टमांश म्हणजे ४९ मतं. शासनाने नेमलेला अधिकारी ४९ हातांनी जातो आणि त्याच सभागृहाने निवडलेला महापौर ७७ हातांनीही जात नाही.

म्हणून महापौराला काढायचा रस्ता वळसा घालून जातो: आधी त्याचं नगरसेवकपद घालवायचं. कलम १३ खाली गैरवर्तन किंवा लांछनास्पद वर्तनासाठी शासन नगरसेवकाला दूर करू शकतं, स्वतःहून किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून. नगरसेवकपद गेलं की महापौरपद आपोआप जातं. शेजारच्या कोल्हापुरात २०१५ साली लाचेच्या प्रकरणात अटक झालेल्या महापौरांनी राजीनामा द्यायला नकार दिला तेव्हा हाच मार्ग घ्यावा लागला, आणि त्यात महिने गेले. तेव्हा निवेदनात लिहायचं ते असं: ‘कलम १३ अन्वये नगरसेवकपदावरून दूर करण्याची शिफारस महासभेने शासनाकडे करावी.’ खाली प्रत्येक आरोपाला तारीख, ठराव क्रमांक आणि कागदाची प्रत जोडा. ‘भ्रष्ट कारभार’ एवढंच लिहिलेलं निवेदन आवक क्रमांक पडून फायलीत जातं, त्यावर नोटीस काढायला कुणाला काही हाती लागत नाही. ‘महापौरांना निलंबित करा’ असंही लिहू नका; निलंबन नोकराचं किंवा पक्षाच्या सभासदाचं होतं. हकालपट्टीही पक्षातूनच. पक्षाने हाकललेला महापौर दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून सभा चालवू शकतो.

‘पदमुक्त’ हा शब्द अलीकडे सभ्य पर्याय म्हणून सुचवला जातो. मला तो मान्य नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याला कार्यमुक्त करतात, त्याच्या माथी काही डाग नसतो. जिथे ठपका आहे तिथे ठपका दाखवणारा शब्द हवा. ‘पदच्युत’ तसा आहे, आणि साताऱ्याला तो चांगला ठाऊक आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला थेट लंडनला गेले. प्रतापसिंहांवर अन्याय झाला, म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. च्युत म्हणजे ढळलेला, घसरलेला. जो कधी ढळत नाही तो अच्युत.

राहिला ‘पायउतार’. ज्यावर सगळ्यात कमी विचार झालाय असा हा शब्द. रूढ सांगणं असं की घोड्यावरून किंवा पालखीतून उतरून पायावर येणं म्हणजे पायउतार होणं, आणि त्यावरून सत्ता सोडणं. घोड्याचा अर्थ भाषेत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सत्ता जाण्याचा अर्थ त्यातून आला हे मला पटत नाही. घोड्यावरून माणूस मानाने उतरतो, वडीलधाऱ्यांपुढे पायउतार होतो, मुजरा करतो आणि पुन्हा रिकिबीत पाय घालतो. त्यात अधिकार जातो कुठे?

‘उतार’ हा नदीचा शब्द आहे. नाव न लागता पायी ओलांडता येईल अशी जागा म्हणजे उतार, आणि पैलतीरी जाणारा तो उतारू. जुन्या लिखाणात नदी पायउतार होते, म्हणजे पूर ओसरून माणसाला चालत पार जाता येईल इतकी खाली येते. पावसाळ्यानंतर फौजा याचीच वाट बघत बसत. कालपर्यंत जिच्यापुढे घोडदळ थांबलं होतं तिच्यातून आज बैलगाडी जाते. सत्ता ओसरण्याचं चित्र इथे आहे, घोड्यात नाही. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागू नये. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. तेव्हा सगळं शहर एकच प्रश्न विचारत होतं, पाण्याला उतार पडला का? कृष्णेला उतार कुणी पाडत नाही, तिचा तिला पडतो.

वापरातला नियमही इथूनच मिळतो. पायउतार ‘होतात’. ‘महापौरांना पायउतार केलं’ ही रचना मोडकी आहे. दबाव दाखवायचा तर ‘पायउतार व्हावं लागलं’ म्हणा. घोड्यालाही ‘होणं’च लागतं, म्हणून हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच, हे मान्य. ओसरण्याचा अर्थ मात्र एकाच बाजूला आहे, आणि माझा भर त्यावर आहे.

‘उचलबांगडी’ महापौराला लावूच नये. हा शब्द वरून आदेश येऊन हलवल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे, आयुक्तांना शोभतो. त्याची सध्या फिरणारी व्युत्पत्ती मला अजिबात पटत नाही. ‘पांगडी’ म्हणजे कोळ्यांचं जाळं, जाळं जड झालं की ‘उचल पांगडी’ अशी हाक, आणि प चा ब होऊन उचलबांगडी, असं ते सांगणं आहे. गोष्ट गोड आहे, म्हणून मुलांना शिकवताना सोपी पडते. पण जाळं उचलतात ते मासळी मिळाली म्हणून आनंदाने. उचलबांगडीत नको असलेला माणूस त्याच्या मर्जीविरुद्ध नेला जातो. जुन्या शाळांत दांडी मारणाऱ्या पोराला चार दांडगी पोरं पाठवून हातपाय धरून उचलून आणत, त्यालाच उचलबांगडी म्हणत. दोन मनगटांवर, दोन घोट्यांवर पडलेली पकड बांगडीसारखी बसते आणि सुटत नाही. बांगडी शब्द समोर असताना तो पांगडीचा अपभ्रंश मानायचा, तर ‘उचलपांगडी’ हे रूप कुठल्या तरी जुन्या कागदात दाखवावं लागेल. कोळ्यांच्या बोलीत आजही ती हाक असेल तर तीही चालेल. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.