सकाळी प्रार्थनेला बसलं की मन जास्तच बेचैन होतं, ख्रिस्ती लोक शांतीसाठी घरी नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की पहाटे उठून डोळे मिटून बसता, मनाला शांती मिळू दे म्हणून प्रार्थना करायला जाता आणि दोन मिनिटांत ऑफिस, मुलाची फी, जावेशी झालेलं भांडण सगळं डोक्यात गोळा होतं, उठता तेव्हा बसण्याआधीपेक्षा जास्त वैताग. किती वेळ बसायचं आणि ख्रिस्ती नसलं तर चालतं का हेही विचारलंय. मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसत नाही अजून), लग्न होऊन पिंपरीत आले, दोन्ही घरं प्रोटेस्टंट, म्हणजे मी सांगतेय ती आमच्याकडची पद्धत, वसईचे कॅथलिक लोक रोझरी म्हणजे जपमाळ वगैरे करतात त्याबद्दल तेच नीट सांगतील.

सगळ्यात आधी म्हणजे डोक्यात जे गोळा होतं ना ते हाकलत बसू नका. फी आठवली तर फीबद्दलच बोला देवाशी. बऱ्याच जणांना वाटतं मन कोरं झालं तरच प्रार्थना झाली, पण बायबलमध्ये मनाच्या शांतीबद्दल जो सगळ्यात जास्त वाचला जाणारा उतारा आहे, फिलिप्पैकरांस पत्र, ४था अध्याय, ६ आणि ७ वचन, त्यात ते पत्र लिहिणारा पौल, येशूचा सुरुवातीच्या काळातला प्रचारक, म्हणतो की काळजी करत बसू नका, प्रत्येक गोष्टीत प्रार्थना करून, आभार मानून, तुमचं जे मागणं असेल ते देवाला कळवा, आणि मग देवाची शांती तुमचं मन राखील. क्रम बघा. आधी मागणं, मग शांती. आधी शांत व्हा आणि मग या असं त्याने कुठे म्हटलेलं नाही. आणि हे लिहिताना पौल स्वतः कैदेत होता, सुटका होईल की मरण येईल याचा पत्ता नव्हता, पहिल्या अध्यायात तो दोन्हीबद्दल लिहितो. असा माणूस काळजी करू नका म्हणतो तेव्हा ते गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखं वाटत नाही मला.

आता प्रत्यक्षात काय करते ते सांगते. चहा घेऊन स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी बसते, वेगळी खोली नाही, टू बीएचकेमध्ये कुठून असणार. बायबलमध्ये स्तोत्रसंहिता म्हणून प्रार्थना-गीतांचं पुस्तक आहे, त्यातलं एक स्तोत्र वाचते, मोठ्याने म्हणजे पुटपुटत. ही सासूबाईंची सवय, मनात वाचलं की डोळे पुढे जातात आणि डोकं मागे राहतं असं त्या म्हणायच्या आणि खरंच आहे ते. स्तोत्रं १५० आहेत, रोज एक धरलं तर पाच महिन्यात संपतात, फक्त ११९वं मध्ये येतं ते १७६ वचनांचं, ते तुकडे करून वाचायचं नाहीतर डबे राहतात.

पण तुम्ही सुरुवातीला क्रमाने जाऊ नका. १३वं काढा. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कुठवर" असं विचारलंय, कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, चक्क तक्रार आहे देवाकडे. आपल्याकडे देवापुढे उभं राहिलं की चांगलं चांगलंच बोलायचं असं डोक्यात असतं, तर हे वाचून जरा मोकळं वाटतं. मग ३रं. ते सकाळचंच आहे, दावीद राजा स्वतःच्या मुलापासून, अबशालोमपासून, जीव घेऊन पळालाय असं स्तोत्राच्या वरच लिहिलंय आणि त्या अवस्थेत तो म्हणतो मी झोपलो, परत जागा झालो, कारण परमेश्वर मला सांभाळतो. सगळे प्रश्न तिथल्या तिथेच आहेत, मुलगा अजून मागावर आहे, पण झोप लागली आणि जाग आली एवढ्याबद्दल तो बोलतोय. ज्या दिवशी दुसरं काही सुचत नाही त्या दिवशी मी एवढंच म्हणते. १३१वं मात्र नंतर वाचा, तीनच वचनांचं आहे, अंगावरचं दूध सुटलेलं मूल आईजवळ कसं निवांत असतं तसा माझा जीव आहे असं त्यात आहे. सुंदर आहे पण डोकं भणभणत असताना ते वाचलं की आपण असे का नाही म्हणून अजून चिडचिड होते, निदान माझी तरी होते.

स्तोत्रानंतर माणसं. घरातली, शेजारची, आजारी असलेली, एकेकाचं नाव घेऊन एक वाक्य. आणि इथे तुमची जाऊ येते. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात, येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. म्हणजे प्रार्थनेत भांडण आठवणं हा व्यत्यय नाहीच, त्यानेच सांगून ठेवलंय की तिथे आठवणार. अडचण अशी की आपण तिच्यासाठी प्रार्थना करायला जातो आणि अर्ध्या मिनिटात तिच्याविरुद्ध वकिली सुरू होते, देवा तूच बघ ती काय बोलली मला. यावर माझा उपाय असा की झालेल्या भांडणाबद्दल काहीच बोलायचं नाही, तिच्यासाठी एकच ठोस गोष्ट मागायची, तिचा गुडघा बरा होऊ दे, तिच्या पोरीला ॲडमिशन मिळू दे, बस, पुढचं नाव. मनापासून नाही वाटलं तरी चालतं. मात्र घरात मारहाण होत असेल किंवा कोणी खरंच छळत असेल तर शांती म्हणजे गप्प बसून सहन करायचं असा अर्थ कुणी सांगितला तर ऐकू नका, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं आणि मदत मागायची, समेटाचं नंतर बघता येतं.

मग पेपरातली एक बातमी. एकच. युद्धाची असेल, दंगलीची असेल, नाहीतर आपल्याच भागातली. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला म्हणजे बॅबिलोनला धरून नेलेल्या आपल्या लोकांना पत्र पाठवलं होतं, त्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय, की ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. म्हणजे ज्यांनी घरंदारं उद्ध्वस्त केली त्यांच्याच शहरासाठी. हे वाचल्यापासून मला नुसतं माझ्या मनाला शांती दे म्हणणं जरा अपुरं वाटतं, आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांचं मागायला लागलं की स्वतःची बेचैनी तेवढा वेळ मागे पडते. कॅथलिक चर्चमध्ये तर पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून १ जानेवारी हा जागतिक शांती दिन ठरवून दिलाय.

शांतीची म्हणून ती एक प्रार्थना सगळीकडे फिरते ना, "हे प्रभू, मला तुझ्या शांतीचं साधन कर", खाली संत फ्रान्सिस असं नाव टाकून, ती जरूर म्हणा, मीही म्हणते, फक्त ती फ्रान्सिसची नाही. तो १२२६ मध्ये वारला आणि ही १९१२ मध्ये फ्रान्समधल्या ला क्लोशेत नावाच्या छोट्या मासिकात पहिल्यांदा छापून आली, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नंतर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्सिसचं चित्र असलेल्या कार्डावर ती छापली गेली आणि लोकांनी ती त्याचीच धरली. त्याने प्रार्थनेला काही कमीपणा येत नाही.

सगळ्यात शेवटी गप्प बसणं, दोन-तीन मिनिटं, तेही आधी नाही, सगळं बोलून झाल्यावर, कारण तेव्हा आतलं थोडं रिकामं झालेलं असतं. मन पळालं तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची एक फार जुनी छोटी प्रार्थना आहे ती श्वासाबरोबर म्हणा, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा" श्वास घेताना आणि "मज पाप्यावर दया कर" सोडताना. तेवढ्यात घंटागाडी येणार, कुकरची शिट्टी होणार, ते होऊ दे. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकटाच रानात जाऊन प्रार्थना करतो हे वचन सगळे सांगतात पण लगेच पुढे काय आहे ते कुणी सांगत नाही, शिमोन आणि बाकीचे शिष्य त्याला शोधत तिथे पोचतात आणि म्हणतात सगळे तुला शोधतायत, आणि तो उठून कामाला लागतो. त्यालाही निवांत मिळालं नाही तर आपलं काय.

वेळ म्हणाल तर माझी वीस मिनिटं, घाईच्या दिवशी स्तोत्र आणि नावं, पाचात आटपते. रविवारी आम्ही एखादं गाणंही म्हणतो, बहुतेक टिळकांचं, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांची बरीच गाणी आमच्या उपासनेत आहेत आणि चाली अभंग-भजनाच्या असल्यामुळे तुम्हाला परकं वाटणार नाही. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे.

म्हणून ख्रिस्ती नसलं तर चालेल का याला माझं उत्तर हो, बिनधास्त करा, स्तोत्र वाचायला कुणी दाखला मागत नाही. फक्त दोन गोष्टी. अमुक दिवस प्रार्थना केली की कर्ज फिटेल, आजार जाईल असं छातीठोक सांगणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. आणि बेचैनी रोजचीच असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे १४४१६, मराठीत बोलतात, प्रार्थना सोबत चालू ठेवता येते.

पुस्तकाचं म्हणाल तर बायबल सोसायटीचं मराठी बायबल घ्या, भाषा जरा जुनी आहे पण मोठ्याने वाचायला छान लागते. ॲपवरही मिळतं, पण सकाळी मोबाईल हातात घेतला की आधी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण दिसतं, त्यापेक्षा कागदाचंच बरं.