वाचकांचे प्रश्न : सातवीनंतर थांबणारी पावले

प्रश्न : मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी आमच्या शाळेतून नऊ मुले सातवी उत्तीर्ण होऊन दूरच्या हायस्कूलमध्ये गेली आणि दिवाळीपर्यंत त्यांपैकी तिघांनी शाळा सोडली. गावातील युवक मंडळाची मुले मदतीला तयार आहेत. मे महिन्यात शिक्षक व कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांचे शिबिर घ्यावे असा विचार आहे. त्यात काय शिकवावे आणि कोणाला बोलवावे?
— एक शिक्षिका

उत्तर : आपली ती तीन मुले दिवाळीत थांबली असे दिसत असले, तरी ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच थांबू लागली असतील. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ओढे भरले की जंगलालगतच्या वाड्यांतील मुलांचे दोन-चार दिवस बुडतात, बुडालेल्या पाठाची भीती वाटून आणखी दोन दिवस जातात आणि पाऊस ओसरल्यावरही मूल परतत नाही. म्हणून शिबिराची सुरुवात भाषणाने न करता हजेरीपटाने करावी. मागील वर्षाच्या हजेरीपटाच्या, नावे झाकलेल्या प्रती प्रत्येकाच्या हाती द्याव्यात आणि कोणते मूल केव्हा निसटू लागले हे त्यांनाच शोधायला सांगावे. वर्षातील दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणे ही धोक्याची खूण मानण्याची पद्धत अमेरिकेतील अनेक शाळांत रूढ आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस शाळा भरावी असे ठरवले आहे. त्या हिशेबाने वर्षाला 22 दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन-तीन दिवस होतात. एवढी गैरहजेरी वर्गात सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि ती भरावी यासाठीच हा सराव आहे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जवळपास मराठी हायस्कूल नसेल, तर आपली मुले आठवीत कन्नड माध्यमाच्या वर्गात बसतात. कन्नड त्यांनी एक विषय म्हणून शिकलेले असते, पण त्या भाषेतून गणित-विज्ञान शिकलेले नसते. सातवीपर्यंत ‘क्षेत्रफळ’ काढणाऱ्या मुलापुढे आठवीत ‘विस्तीर्ण’ हा शब्द येतो आणि मराठीत त्याचा अर्थ निराळा असल्यामुळे ते गोंधळते. ‘अपूर्णांक’ तिथे ‘भिन्नराशी’ होतो. गणित येत असूनही आपल्याला काही येत नाही असे त्या मुलाला वाटू लागते, आणि घरी ते फक्त ‘मला शाळा नको’ एवढेच सांगते. तेव्हा शिबिराला केवळ मराठी शाळांचे शिक्षक बोलावून भागणार नाही. ज्या हायस्कूलमध्ये मुले जातात तेथील कन्नड शिक्षकांना मुख्याध्यापकांमार्फत आग्रहाने निमंत्रण द्यावे. दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून आठवीच्या गणित व विज्ञानातील शंभर-सव्वाशे संज्ञांची मराठी-कन्नड यादी केली, तर तेवढ्या एका कामासाठीही शिबिर घेणे सार्थकी लागेल. भाषेचा वाद आपल्या भागात जुना आहे, तो या खोलीत आणू नये. समोर एक मूल आहे, एवढे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

युवक कार्यकर्त्यांना घरभेटीचा सराव द्यावा. एकाने आई व्हावे, दुसऱ्याने भेटीला जावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ‘पोराला शाळेत का पाठवत नाही?’ या पहिल्याच प्रश्नाने घराचे दार मिटते. आधी घरच्या कामाची, पिकाची विचारपूस करावी, मुलाशी वेगळे बोलावे आणि भेटीत जे कळले त्याची गावात चर्चा करू नये. शक्य नसलेले आश्वासन मुळीच देऊ नये. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील किंवा 14 वर्षांखालील मूल कामावर लावलेले असेल, तर समजूत घालण्यात दिवस न दवडता 1098 या मुलांच्या मदतवाहिनीला कळवावे, हे कार्यकर्त्यांना पाठच असले पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्यातील शाळा सोडल्याच्या दाखल्यासंबंधीचा नियमही प्रत्येकाला माहीत हवा. दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. तसेच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

दोन दिवसांचे शिबिर मात्र एका दमात घेऊ नये. एक दिवस मेमध्ये आणि दुसरा जुलैअखेर, पहिल्या महिन्यांचे हजेरीपट हाती आल्यावर घ्यावा. तेव्हा चर्चा खऱ्या मुलांविषयी होईल. शाळा विकास व देखरेख समितीतील दोन पालक, शक्यतो माता, दोन्ही दिवशी सोबत असाव्यात.

प्रश्न : निपाणी भागात आमचे मंडळ काम करते. दहावीत एका विषयात नापास झालेल्या मुलाला वडील कामाला धाडणार आहेत. आम्ही त्यांना काय सांगावे?
— एक कार्यकर्ता

उत्तर : कर्नाटकात एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा होते, त्यामुळे एका विषयासाठी मुलाचे वर्ष वाया जाण्याचे कारण नाही. हे वडिलांना निकालाच्या आठवड्यातच सांगा, कारण एकदा हातात मजुरी आली की सांगणे फार कठीण होते. पुढच्या परीक्षेचा अर्ज मुदतीत भरण्यासाठी आपल्यापैकी एकाने मुलासोबत शाळेत जावे आणि परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी तासभर त्या एका विषयाला बसण्याची सोय मंडळाच्या खोलीत करावी.