वाचकांचे प्रश्न : प्रोबायोटिक घेतलं की चेहरा साफ होतो का?

प्रश्न : डॉक्टर, मी २१ वर्षांची आहे, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहते. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू होऊन पाच आठवडे झाले आणि तेव्हापासून पोट बिघडलंय, दिवसातून तीन-चारदा जावं लागतं. रूममेट म्हणते त्या गोळ्या बंद कर आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घे, पोट पण सुधारेल आणि चेहरा पण. महिन्याला बाराशे रुपये जातील. घेऊ का?

उत्तर : अगं, पोटाचं आधी तुझ्या डॉक्टरांना सांग, आजच सांग, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नकोस. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक आहे, ते पिंपलचे जंतू मारताना आतड्यातले आपल्या कामाचे जंतूही मारतं, त्यामुळे जुलाब होतात आणि ते बऱ्याच जणांना होतात. पण ताप आला, रक्त पडलं किंवा पाण्यासारखं सारखंच व्हायला लागलं तर वाट बघू नकोस, सरळ दवाखान्यात जा.

आता कॅप्सूलचं. प्रोबायोटिक म्हणजे आपल्या कामाचे जिवंत जंतू. पोटासाठी त्यात तथ्य आहे. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर सॅकरोमायसिस बोलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी या दोघांचा चांगला अभ्यास झालाय. बोलार्डी हे यीस्ट आहे म्हणून अँटिबायोटिकने ते मरत नाही, दुसरा जिवाणू आहे म्हणून तो आणि अँटिबायोटिक यात दोनेक तासांचं अंतर ठेवायचं. पाकिटावर नुसतं प्रोबायोटिक लिहिलेलं पुरत नाही, स्ट्रेन, म्हणजे नेमका उपप्रकार, कोणता ते बघायचं, कारण एकाच जातीतले दोन स्ट्रेन वेगवेगळं वागतात. आपल्या पुण्यातच नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समध्ये जिवाणूंचा मोठा साठा जपलाय, तिथे प्रत्येक स्ट्रेनला स्वतःचा नंबर असतो, तो उगाच नाही.

चेहऱ्याबद्दल मात्र मी तुला खोटी आशा लावणार नाही. पोट, मन आणि त्वचा यांचं नातं आहे हे स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन डॉक्टरांनी १९३० मध्येच मांडलं होतं, त्यामुळे कल्पना काही आजच्या इन्स्टाग्रामची नाही. पण पुरावा अजून तोकडा आहे. २०१३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात मिनोसायक्लिन (डॉक्सीसारखंच अँटिबायोटिक) आणि प्रोबायोटिक दोन्ही घेणाऱ्यांचे पिंपल नुसतं एकच घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले, पण बायका सगळ्या मिळून ४५ आणि त्यांचेही तीन गट, एवढ्यावर मी कुणालाही दरमहा बाराशे घालायला सांगणार नाही. आणि त्यातही जास्त फायदा प्रोबायोटिक औषधाच्या जोडीला घेणाऱ्यांना झाला, औषध सोडून नुसतं प्रोबायोटिक घेणाऱ्यांना तेवढा नाही, हे रूममेटला नक्की सांग.

त्यापेक्षा पुढच्या गोष्टी कर. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत घे आणि घेतल्यावर अर्धा तास आडवी होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिका भाजते. दूध, दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या त्याच वेळी नकोत, कॅल्शियम-लोहामुळे औषध नीट शोषलं जात नाही, म्हणजे ताक पी पण दोन-तीन तासांनी. जिमला जाऊन व्हे प्रोटीन घेत असशील तर महिनाभर थांबवून बघ, त्याने पिंपल वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. आणि डॉक्सी साधारण तीन-चार महिन्यांच्या पुढे नेत नाहीत, पुढचं काय ते आत्ताच विचारून ठेव.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत एक्झिमा आहे, रात्रभर खाजवतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय त्याची भीती वाटते. प्रोबायोटिक ड्रॉप्सने बरा होईल का? (सिंहगड रोड)

उत्तर : ताई, रात्र-रात्र मूल खाजवत असताना आईची काय अवस्था होते ते मी रोज बघते. ड्रॉप्सची आशा आली कुठून तर २००१ च्या फिनलंडमधल्या अभ्यासातून, त्यात आयांनी बाळंतपणाआधी आणि नंतर बाळांनी वर सांगितलेला लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी घेतला आणि दोन वर्षांचं होईपर्यंत एक्झिमा ४६ टक्क्यांऐवजी २३ टक्के मुलांना झाला. पण ते होऊ नये म्हणून होतं. झालेला एक्झिमा बरा होतो का, हे कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ अभ्यास एकत्र करून तपासलं, फरक जवळजवळ नाहीच. तेव्हा तो पैसा चांगल्या मॉइश्चरायझरवर घाला, आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरका, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर लावा. मलम सांगितलं तेवढंच आणि तेवढेच दिवस वापरलं तर त्याची भीती नको, खाजवून जखमा चिघळणं जास्त वाईट.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा. दही खाऊन आयुष्य वाढतं, त्यासाठी नोबेल पण मिळालंय असं ऐकलं. आमच्याकडे रोज कढी असते, ती चालेल का? (सदाशिव पेठ)

उत्तर : काका, दह्याने आयुष्य वाढतं असं मांडणाऱ्या मेचनिकॉफना १९०८ मध्ये नोबेल मिळालं खरं, पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी, दह्यासाठी नाही. कढी उकळली की विरजणातले जिवाणू मरतात, तरी पचायला हलकी, प्रोटीन-कॅल्शियम मिळतं, खुशाल खा. जिवंत जिवाणू हवे असतील तर घरचं ताजं ताक जेवणासोबत घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर ताकात मीठ घालू नका, जिरेपूड घाला. केमोथेरपी चालू असेल तर मात्र प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.