रिडंडन्सीचे ३८ हजार पौंड आणि पोलादी चिलखत

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गंमत वाटली म्हणून, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही मूळचे इचलकरंजीचे, ४१ वर्षांचे मेकॅनिकल इंजिनियर. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहता, ब्रिटिश नागरिकत्व आहे. कंपनीने स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांना रिडंडन्सी, म्हणजे नोकरी सोडण्याची भरपाई, देऊ केली आहे आणि तुमच्या वाट्याला ३८ हजार पौंड येतात. तीन वर्षं शनिवार-रविवारी तुम्ही पंधराव्या शतकातल्या मिलानी (इटलीतल्या मिलानच्या) पद्धतीचं चिलखत करायला शिकताय. आता नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ तेच शिकायचं, १२ हजारांचं वर्कशॉप थाटायचं आणि मग वर्षाला चार पूर्ण चिलखतं, सहा हजाराला एक, अशी विकायची असा बेत आहे. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च महिना ३,३०० पौंड, पत्नीचा हातात येणारा पगार २,४००, आणि कॅश आयसामध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, ११ हजार.

पैसे घ्या, चिलखतही शिका. पण हा बेत असा नको.

आधी ३८ हजार म्हणजे ३८ हजार नव्हेत. रिडंडन्सीच्या पहिल्या ३० हजारांवर कर नाही. वरच्या आठ हजारांवर तुमच्या पगाराच्या पट्टीत ४० टक्के जाईल, म्हणजे ३,२००. उरले ३४,८००. घरात दरमहा ९०० कमी पडणार, दोन वर्षांचे झाले २१,६००. त्यात वर्कशॉपचे १२ हजार मिळवा. पहिलं चिलखत विक्रीला तयार होईल त्या दिवशी या रकमेतले १,२०० पौंड शिल्लक असतील.

आता विक्री. तुमच्या पत्रात पत्र्याचा भाव आहे, चामड्याच्या पट्ट्यांचा आहे, रिवेटचासुद्धा आहे. तास मात्र कुठेच नाहीत. पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, दीड मिलिमीटरचा पत्रा लाकडी ओंडक्याच्या खळग्यात ठोकून फुगवायचा, ठोकून ताठर झाला की तापवून मऊ करायचा, मग पुन्हा ठोकायचा. त्यानंतर मठारायचा, म्हणजे हातोडीने सगळीकडून एकसारखा ठोकून घ्यायचा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या घागरीवर जे मठारकाम चालतं, त्याचंच हे पोलादी भावंड, फक्त इथे हातोडीची खूण ठेवायची नसते, घालवायची असते. मग कानस, पॉलिश आणि एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्यांची जुळणी. तुमच्या आजच्या हाताला एका पूर्ण चिलखताला ४०० तास धरू. मला तर हा आकडा उदार वाटतो. चार चिलखतं म्हणजे १,६०० तास आणि २४ हजारांची विक्री. त्यातून सामानाचे २,८००, जागेच्या भाड्याचे ४,२०० आणि विमा-वीज वगैरेचा एक हजार वजा करा. राहिले १६ हजार, तासाला दहा पौंड. इंग्लंडमधलं किमान वेतन याहून जास्त आहे. गिऱ्हाइकाची मापं घेणं, ईमेलला उत्तरं देणं यात धरलेलंच नाही.

भाव वाढवू म्हणाल, तर स्पर्धा कोणाशी आहे ते बघा. युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तयार, स्वस्त चिलखतांचा मोठा हिस्सा आपल्याकडूनच जातो, देहरादून आणि मेरठहून. देहरादूनच्या विंडलास स्टीलक्राफ्ट्सची स्थापना १९४३ ची. त्या भावाशी तुम्ही लीड्सचं भाडं भरून लढू शकत नाही. वरच्या टोकाला संग्रहालयाच्या तोडीचं काम करणारे मोजके कारागीर आहेत, आणि त्यांच्या रांगेत जायला दोन वर्षं पुरत नाहीत.

तुमच्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात शिंगवालं शिरस्त्राण आहे ना, ते १५११ ते १५१४ या काळात ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या कोनराड सोयझेनहोफर या कारागिराने केलं. पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा मॅक्सिमिलियनने इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला भेट दिलेलं. मॅक्सिमिलियन कर्जबाजारी म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे कारागिराला पैसे कधी मिळाले असतील हा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात आधी येतो. हेन्रीने मग लंडनजवळ ग्रीनिचला चिलखतांचा स्वतःचा कारखाना काढला आणि जर्मन कारागिरांना पगारावर ठेवलं. त्या काळच्या मोठ्या कारखान्यांत ठोकणारा वेगळा, पॉलिश करणारा वेगळा, बिजागऱ्या करणारा वेगळा. तुम्ही एकटे हे तिघेही होणार, शिवाय विक्रेतेही.

मी तुमच्या जागी असतो तर वरचे आठ हजार थेट पेन्शनमध्ये टाकता येतील का ते सही करण्याआधी कंपनीला विचारलं असतं. जमलं तर ते ३,२०० वाचतात. नोकरी सुटली की कंपनीचा पेन्शनचा हिस्सा बंद होणार, त्याचीही थोडी भरपाई होते. उरलेले तीस हजार हातात ठेवून आठवड्याला तीन दिवसांची नोकरी शोधा. तुमच्या क्षेत्रात महिना १,६०० हातात येणं अवघड नाही, आणि तेवढ्यात घराची तूट भरून निघते. उरलेले दोन दिवस हातोडीचे. वर्कशॉप १२ हजारांचं नको, जुन्या बाजारातली ऐरण आणि हत्यारं धरून अडीच हजारांत बसवा.

पूर्ण चिलखताची ऑर्डर मात्र इतक्यात घेऊ नका. बुहुर्त खेळणाऱ्यांकडे जा. खऱ्या पोलादी हत्यारांनी, पण बोथट धारेच्या, हाणामारी करणारे हे लोक. प्रत्येक सामन्यानंतर त्यांचे पत्रे चेपतात, पट्ट्या तुटतात, रिवेट उडतात, आणि पुढच्या सामन्याआधी सगळं नीट हवं असतं. दुरुस्तीचं गिऱ्हाईक परत येतं, चिलखताचं दहा वर्षांनी. वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या अशा उलाढालीवर ट्रेडिंग अलाउन्स या छोट्या धंद्यांच्या सवलतीमुळे करही नाही.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. शिरस्त्राण कुणाच्या तरी डोक्यावर बसणार आणि त्यावर कुऱ्हाड पडणार, तेव्हा प्रॉडक्ट लायबिलिटी (विकलेल्या मालामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) घेतल्याशिवाय एकही विकू नका, मित्रालाही नाही. दुसरा विमा तुमच्या हातांचा. आजारपणात उत्पन्न देणारी पॉलिसी कंपनीकडून असेल तर ती नोकरीबरोबर जाईल. नवी घेताना फॉर्मवर धंदा 'इंजिनियर' एवढंच लिहून मोकळे होऊ नका, ऐरणही लिहा. हप्ता वाढेल, पण धंदा लपवला म्हणून क्लेम नाकारला जाणार नाही.

आयसाचे ११ हजार या हिशेबात मी कुठेच धरलेले नाहीत. तुम्हीही धरू नका.

या महिन्यात चिलखताच्या गुडघ्यांवरच्या वाट्यांची एक जोडी पहिल्या रेघेपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत घड्याळ लावून करा, आणि किती तास लागले ते मला कळवा. सहा हजारांच्या भावाचं आपण त्यानंतर बोलू.