पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पॉपपेक्षा खरंच श्रेष्ठ असतं का?

सरसकट नाही. मुळात दोन्हींची मोजपट्टीच वेगळी. संगीतकार बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची, सुरुवात घ्या: तीन आखूड सूर, एक लांब. एवढ्याशा भांडवलावर तो पहिला भाग जवळजवळ अख्खा उभा करतो. पॉपमध्ये असा विस्तार शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. पण तिथली कारागिरी स्वरलिपीत दिसतच नाही. ती आवाजाच्या पोतात, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणाऱ्या गायकीत आणि स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात असते. कागदावर तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ), कानाला मात्र वेगळंच प्रकरण.

प्रतिष्ठेचं म्हणाल तर ती बऱ्याच अंशी दरबार, चर्च, विद्यापीठं आणि अनुदानं यांनी घडवली. १८४० च्या दशकात पियानोवादक फ्रान्झ लिस्टच्या मैफलींत श्रोते आजच्या पॉपस्टारच्या चाहत्यांसारखेच बेभान व्हायचे. उलट २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं. तोवर ते शास्त्रीय आणि जॅझपलीकडे गेलंच नव्हतं.

आणि हो, सुमार शास्त्रीय संगीतही ढिगाने लिहिलं गेलंय. ते आज कुणी वाजवत नाही म्हणून आपल्या कानावर पडत नाही, इतकंच.