लग्नाचे फोटो काढतो; माजी सैनिकांच्या संस्थेला फुकट मदत करायची आहे, सुरुवात कशी करू?

जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे जाऊन थेट विचारा. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, 26 जुलैचा कारगिल विजय दिवस, तेव्हा फोटोवाला लागतोच.

पण खरं सांगू? स्टेजवरचे हारतुरे कोणीही टिपतं. गरज खेड्यात आहे. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो, त्यासाठी म्हातारी माणसं एसटीनं तालुक्याला जातात. मागे धरायला पांढरी चादर घेऊन त्यांच्या ओसरीवरच जा. मे महिन्यात मात्र सकाळी नऊच्या आत.

दुसरं काम जुन्या फोटोंचं. आमच्या गावच्या एका आजीकडे पोराचा वर्दीतला एकच फोटो होता, ओल लागून काचेला चिकटलेला. ओढला असता तर चेहराच गेला असता. काचेसकट दारातल्या सावलीत ठेवला, चमक येऊ नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायला लावलं आणि टिपला. प्रिंट पाहून आजी म्हणे, "गालावरचा तीळ बी दिसून रायला ना बाप्पा!"

सुट्टीवर आलेल्या जवानाचा फोटो युनिटच्या नावासकट कुठे टाकू नका. आणि वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोकडे ड्रोन तर अजिबात नाही.