सीटी रिपोर्टमध्ये एसएमए अँगल १७ अंश आलाय. ऑपरेशन करावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं वय १९, वजन ४१ किलो, जेवल्यावर पोट गच्च होतं, आणि सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘एसएमए अँगल १७ अंश, अंतर ६ मिमी’ असं आलंय. एका डॉक्टरांनी एसएमए सिंड्रोम सांगितलं, दुसऱ्यांनी नटक्रॅकर, आणि आता ऑपरेशनचा विषय निघालाय. मी पोटाचे सीटी आणि डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे. नुसत्या या दोन आकड्यांवर दोन्हींपैकी एकही निदान होत नाही.

महाधमनीच्या पुढच्या अंगाने आतड्यांना रक्त देणारी एक मोठी धमनी निघते, तीच एसएमए. खाली उतरताना ती महाधमनीशी बेचकं करते आणि त्या बेचक्यात चरबी असते. त्यातून वर डाव्या किडनीची शीर जाते आणि जरा खाली, कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, तिसरा टप्पा. आतडं दबून त्रास झाला तर एसएमए सिंड्रोम, शीर दबून झाला तर नटक्रॅकर सिंड्रोम. एकाच स्कॅनवरून दोन नावं आली ती यामुळे.

हा कोन साधारण ३८ ते ६५ अंश आणि दोन्ही धमन्यांमधलं अंतर १० ते २८ मिमी असतं. कोन २२ ते २५ च्या खाली आणि अंतर ८ मिमीच्या आत गेलं की एसएमए सिंड्रोमचा संशय घेतात. पण चरबी कमी झाली की बेचकं आपोआप मिटतं. त्रास नसलेल्या कितीतरी सडपातळ मुलींमध्ये असेच आकडे मिळतात. तेव्हा १७ अंश हा आकडा पहिल्यांदा बहिणीच्या बारीकपणाबद्दल सांगतो, आजाराबद्दल नंतर.

आकडा मोजला कसा, हेही विचारा. कोन सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदाच्या) चित्रावर, एसएमएच्या उगमाशी, पातळ स्लाइसमधून मोजायचा असतो. ही धमनी पुष्कळदा उजवी-डावीकडे कलते. तेव्हा चित्र तिच्या रेषेत फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर कोन चुकतो. अंतर मात्र आडव्या चित्रावर, ड्युओडेनम जिथे ओलांडतो त्याच पातळीवर, महाधमनीच्या पुढच्या भिंतीपासून एसएमएच्या मागच्या भिंतीपर्यंत घ्यायचं. तेच उगमाजवळ घेतलं तर कुणाचंही कमीच भरेल. शिवाय सीटी पाठीवर झोपवून होतो. कुशीवर किंवा पालथं झोपल्यावर हीच जागा बदलते.

मी त्या आकड्याआधी जठर आणि ड्युओडेनमचे पहिले दोन भाग बघतो. ते फुगलेले असतील आणि नेमकं त्या बेचक्यापाशी आतडं एकदम चिमटलेलं असेल, तर आकड्याला अर्थ येतो. फुगवटा नसेल तर एसएमए सिंड्रोमवर माझा विश्वास बसणं कठीण. त्यातही उपाशीपोटी केलेल्या सीटीत ड्युओडेनम रिकामा असतो, त्यामुळे अडथळा झाकला जाऊ शकतो. शंका उरली तर बेरियम (एक्स-रेवर दिसणारं पांढरं द्रावण) पाजून ते पुढे कसं सरकतं ते एक्स-रेवर बघावं. खऱ्या अडथळ्यात बेरियम बेचक्यापाशी पुढे-मागे घुसळत राहतं, पुढे सरकायला काही तास लावतं, आणि पालथं किंवा डाव्या कुशीवर केलं की निसटतं.

नटक्रॅकरसाठी कोनापेक्षा शिरेची रुंदी महत्त्वाची. किडनीच्या तोंडाशी शीर आणि बेचक्यातली शीर यांच्या रुंदीचं गुणोत्तर सीटीवर ४.९ किंवा जास्त, बेचक्यापाशी चोचीसारखा आकार, आणि डाव्या अंडाशयाची फुगलेली शीर, हे एकत्र दिसलं तर संशय पक्का होतो. डॉपलरवर या दोन जागांच्या रक्ताच्या वेगाचं गुणोत्तर ५ च्या वर हवं. इथे एक अडचण असते: बेचक्यातली शीर प्रोबच्या किरणाला जवळजवळ काटकोनात येते, आणि डॉपलरचा कोन ६० अंशांच्या वर गेला की वेगाचे आकडे फसवे होतात. ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच, तर कॅथेटर घालून किडनीची शीर आणि ती जिला मिळते ती पोटातली मुख्य शीर यांच्यातला दाबाचा फरक मोजतात. ३ मिमी पारा किंवा जास्त असेल तर तो ठोस पुरावा. पण या सगळ्याच्या आधी साधी लघवीची तपासणी करा. लघवीत रक्त नाही, प्रथिनं नाहीत, डाव्या कुशीत दुखत नाही, तर दबलेली शीर हा नुसता चित्रातला शोध असू शकतो.

जेवल्यावर बेंबीच्या वर दुखत असेल तर सीलिअॅक धमनीही (एसएमएच्या जरा वर महाधमनीतून निघणारी, जठर-यकृताला रक्त देणारी) बघायला सांगा. श्वास सोडल्यावर तिच्यावरचा दाब वाढतो, म्हणून डॉपलर दोन्ही स्थितींत हवा. श्वास सोडल्यावर वेग २०० सेंमी प्रति सेकंदाच्या वर आणि खोल श्वास घेतल्यावर उतरला, तर दाबाची शक्यता धरतात. हेही त्रास नसलेल्या लोकांत सापडतं.

वजन आधी घटलं की त्रास आधी सुरू झाला, हा क्रम डॉक्टरांना नीट सांगा. आधी वजन घटलं असेल तर त्याचं कारण शोधायला हवं: आतड्याचा क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, ग्लूटेनचा त्रास, खाण्याची भीती. एसएमए सिंड्रोम ठरलाच, तरी पहिला उपचार वजन वाढवणं हाच. थोडं थोडं, वारंवार खाणं, आणि जमलंच नाही तर अडथळ्याच्या पुढे नळी नेऊन आहार देणं. ते फसलं तरच ऑपरेशन. मात्र हिरव्या-पिवळ्या उलट्या सुरू झाल्या, पाणीही टिकेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं मत घ्यायला जाताना छापील फिल्म नको, सीटीची सीडी न्या. फिल्मवर कोन नव्याने, योग्य रेषेत मोजता येत नाही.